चुनश्या मावशीचे फावडे

मी एक जुने फावडे आहे, आणि मित्रांनो, मी भयंकर रागावलेले आहे.

चीनमधल्या आमच्या हलान डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षाच्या वेली हिवाळाभर मातीखाली झोपतात. उघड्या राहिल्या तर थंडीने वाळून जातात. एकोणीस वर्षे चुनश्या मावशीने मला हाती धरून त्या पुरल्या आणि वसंतात उकरून काढल्या. वेलीचा एकही डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, माझ्या धारेने दुखावला नाही. शेवटची वीतभर माती ती हातानेच काढायची. आमच्या वाइनला बक्षीस मिळाले तेव्हा पहिला पेला तिला दिला होता. "शी, आंबट," म्हणत तिने तो शेजारणीला दिला आणि चहा मागितला.

मग नवे व्यवस्थापक फांग साहेब आले. पाहुणे यायचे आहेत, वेली लगेच बाहेर काढा म्हणाले.

"जर्दाळू अजून फुलला नाही, साहेब. एक हिव पडायचं बाकी आहे."

"आता जर्दाळूला विचारून मळा चालवू का, मावशी? मग मला कशाला ठेवलंय?"

"तेच तर आम्ही विचारतोय."

मळ्यातल्या बायका खो खो हसल्या. साहेबांना ते झोंबले. त्यांनी सगळा मळा उकरून घेतला. मावशीने बांधालगतची एक ओळ मात्र गुपचूप तशीच ठेवली.

आठवड्याने हिव पडले. सकाळी मळाभर डोळे काळे पडलेले. साहेबांनी मालकासमोर माझ्याकडे बोट दाखवले. "या बाईनं फावड्यानं डोळे चेचले."

माझ्या अंगाची आग आग झाली. धादांत खोटे बोलत होता तो माणूस.

मावशी वाद घालत बसली नाही. जर्दाळू फुलल्यावर तिने मालकाला बांधावर नेले आणि मलाच हाती धरून ती ओळ उकरली. डोळे टपोरे, जिवंत होते. मालकाला काय ते कळले. तरी साहेबांचा हुकूम मोडला म्हणून मावशीलाच घरी बसवले. पाहुण्यांनी फोटो काढले ते त्याच ओळीपाशी.

मला घासूनपुसून, पॉलिश करून वाइन चाखायच्या दालनात टांगले आहे. खाली पाटी आहे, 'आमची परंपरा'. फांग साहेब रोज पाहुण्यांना सांगतात, "जर्दाळू फुलल्याशिवाय आम्ही वेलीला हात लावत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मला तसले जपणे नको. कुणीतरी मला या खिळ्यावरून काढा आणि चुनश्या मावशीच्या हातात द्या.