पाटावर न मांडलेलं हत्यार

हिरीने कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी सोडली. रात्रभर साचलेलं पाणी फसफसत बाहेर पडलं, तशी तिने चावी पुन्हा आवळली. मग नळी खिळेबंदुकीला जोडली, खिळ्यांची पट्टी सरकवून बसवली आणि बंदुकीचं तोंड एका फळकुटावर टेकवून घोडा ओढला. खिळा डोक्यापर्यंत आत गेला. त्याच्या मागोमाग हादरा मनगटातून कोपरापर्यंत चढला. ती क्षणभर तशीच उभी राहिली. बोटं उघडली, मिटली, आणि पहिल्या खोक्याची चौकट तिने पुढे ओढली.

आंबीजवळच्या या कारखान्यात यंत्रं भरून पाठवायची लाकडी खोकी बनत. बाकी सगळ्यांच्या हातात हातोड्या होत्या. बंदूक एकच, शेठनी हौसेने मुंबईहून आणलेली. तिच्या पोटात हवेच्या जोराने दट्ट्या खाली येई, खिळा ठोकी आणि शेवटी एका जाड रबरी कड्यावर आदळे. तो मार कड्याने खायचा. कडं चिरलं की मार धरणाऱ्याच्या हाताला. फिटर सोपानने हे हिरीला सांगितलं होतं आणि सुपरवायझर रखमाजींनाही. मूळचं कडं केव्हाच संपलं होतं. सोपान ट्रकच्या जुन्या टायरमधून कडं कापून बसवी, ते थोड्याच दिवसांत तडके. नवं मागवायचं तर शेठना सांगावं लागलं असतं, आणि शेठनी विचारलं की रखमाजी म्हणत, "यंत्र उत्तम चाललंय."

हिरीच्या आधी बंदूक बयाबाईकडे होती. आता ती खोक्यांत पेंढा भरायची आणि चहाचा कप डाव्या हाताने उचलायची.

"मावशी, भाकरी कोन थापतं आता?" चहाच्या सुट्टीत हिरीने विचारलं.

"सून. लय जाड थापती. मी काय बोलले तर म्हनती, आत्याबाई, हात बरा झाला की तुमीच थापा." बयाबाई हसली. मग हिरीच्या मनगटाकडे बघून म्हणाली, "तू नको लय दिस धरू ती."

"न्हाई धरली तर घरी बसवतील."

"व्हय. मीबी ह्येच म्हनत व्हते."

त्या दिवशी खंडेनवमी होती. दुपारी काम थांबलं. शेड झाडून पाट मांडला गेला, झेंडूच्या माळा आल्या. ज्याने त्याने आपलं हत्यार स्वतः पुसून पाटावर ठेवायचं आणि एकदा ठेवलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. हातोड्या, करवती, रंधे ओळीने मांडले गेले. मधली जागा रखमाजींनी मोकळी ठेवायला लावली.

"हिरे, आण तुझी बंदूक. शेठ येतीलच आता. चकाचक पूस."

हिरी बंदूक घेऊन पाटासमोर बसली. फडक्याने तिने ती पुसली, आणि सोपानकडे हात पुढे केला.

"पाना द्या, भाऊ."

सोपानने काही न विचारता खिशातला पाना दिला. हिरीने टोपण उघडलं, दट्ट्या बाहेर काढला आणि खालचं कडं बोटाने उचकटलं. ते बाहेर येताना दोन तुकडे झालं. तिने दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन सगळ्यांना दिसतील असे धरले.

"हे भंगलंय. पूजेत भंगलेलं मांडत न्हाईत."

रखमाजींनी आवाज खाली आणला.

"आत घाल ते. वरून कुणाला दिसतंय?"

"देवाला दिसल की."

"मला देव शिकवू नकोस. दिवाळीनंतर नवं मागवू म्हटलंय ना?"

"मागल्या दिवाळीला मावशीलाबी असंच म्हनला व्हता तुमी."

"उद्यापासून आली नाहीस तरी चालेल."

"बरं," हिरी म्हणाली आणि उठली. "पन भंगलेलं हितं ठेवायचं नसतं."

कारखान्याच्या मागून वाट इंद्रायणीकडे उतरत होती. रखमाजींनी दोनदा हाक मारली. ती थांबली नाही. काठावर मात्र थांबली. आत्ता परत गेलं, तुकडे जागेवर दाबून बसवले, तर रखमाजी सगळं विसरतील, हे तिला माहीत होतं. माणूस तसा वाईट नव्हता. ती वाकली, हात पाण्याखाली नेला आणि मूठ उघडली. काळे तुकडे लगेच तळाला गेले.

ती परतली तेव्हा रखमाजी सोपानला टायरचा तुकडा दाखवत होते.

"पटकन काप. पाच मिनिटांचं काम."

"कशानं कापू?" सोपान म्हणाला. त्याने कमरेची सुरी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि वाकून पाटावर ठेवली. बंदुकीजवळ पडलेला पानाही उचलून शेजारी ठेवला. दोन्हींना हळद लावली, कुंकू लावलं. "मांडलं बगा. आता उचलता यायचं न्हाई."

"सोपान, तू जुना माणूस."

"म्हनून तर. रीत मोडून कसं चालल?"

बयाबाईने तोंडाला पदर लावला. हातोडीवाल्यांतलं कुणीतरी खोकलं.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. फाटक उघडल्याचा आवाज आला. रखमाजींनी पाटाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग उघड्या पडलेल्या बंदुकीकडे. टोपीवरून हात फिरवत ते दाराकडे दोन पावलं गेले आणि थबकले.

"तुमी बसा," हिरी रखमाजींना म्हणाली. "शेठना मी सांगते."

तिने दोन्ही हातांनी बंदूक उचलली, तशीच उघडी, आणि ती फाटकाकडे चालू लागली.