मंगळवारची चारची वेळ

“आहेस का गं?”

आई शिवणयंत्रावरची मान न वळवता विचारायची. पलीकडच्या खोलीत वहीत डोकं घातलेली मी “आहे” म्हणायचे, की यंत्र पुन्हा चालू व्हायचं. तिला पाणी नको असायचं, सुईत दोरा ओवून नको असायचा. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे, एवढं कळलं की तिची शिवण सरळ जायची. आई गेली, यंत्र गेलं, तो आवाज मात्र कानातून उठून गेला नाही.

माझा धंदा त्या एका शब्दावर उभा आहे. लोक येतात, समोर बसतात, आणि तासभर मी असते.

दारावर पाटी लावली, ‘कोचिंग. एका वेळी एकच व्यक्ती’, तेव्हा खालच्या छापखान्याचे मालक जिना चढून आले आणि नातवाला गणितासाठी घ्याल का, असं विचारून गेले. धाकट्या बहिणीला मी नीट समजावून सांगितलं, की अडलेल्या माणसाला मी सल्ला देत नाही. प्रश्न विचारते, गप्प बसते, उत्तर त्याचं त्यालाच सापडतं. ती म्हणाली, “म्हणजे नुसतं ऐकून घ्यायचे पैसे? ताई, मग मी संसारात वीस वर्षं फुकटच राबले गं.”

पहिल्या वर्षी हावरटासारखी दिवसाला सहा-सहा माणसं घेतली. एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखात मिसळायला लागलं. एकदा तर एकीच्या आजारी सासऱ्यांची चौकशी मी दुसरीकडे केली. तिचं लग्नही झालेलं नव्हतं. त्या दिवशी शरमेनं पाणी पाणी झाले आणि मास्तरांकडे गेले.

मास्तरांनी मला हे काम शिकवलं. आजही महिन्यातून एकदा मी माझ्या वह्या, नावं झाकून, त्यांच्यापुढे ठेवते. त्यांनी घडी बसवून दिली. दिवसाला तीनच माणसं, दोघांच्या मध्ये अर्धा तास रिकामा. बारा भेटी, त्यातली शेवटची निरोपाची. आणि वहीच्या पानावर सगळ्यांत वर त्या दिवसाचा प्रश्न, येणाऱ्याच्या तोंडून आलेला, त्याच्याच शब्दांत. “प्रश्न आला नाही तर पान कोरं ठेव,” ते म्हणाले होते. “पान कोरं राहिलं की समजायचं, माणूस आपल्या घरी पोचला.”

धंदा तगला. पाच वर्षं झाली, एकाचं बघून दुसरा येतो, वेळा भरलेल्या असतात. फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बरा झालेला माणूस जिना उतरतो तो मागे वळून बघत नाही. बघूही नये, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. सकाळचा जातो, दुपारची जाते, संध्याकाळचा जातो. मी खुर्चीतली उशी झटकते, तिच्यावरचा माणसाचा खळगा बुजवते, खिडकी उघडते. दिवसभरात तीन घरांची दारं माझ्यापुढे उघडलेली असतात, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर काढायची सोय नसते. बहीण फोनवर विचारते, आज काय विशेष? मी म्हणते, काही नाही. कान भरलेले आणि तोंड रिकामं, अशी मी घरी जाते.

चष्मेवाले आले ते मंगळवारी चारला. थोरल्या भावाबरोबर तीस वर्षं एकाच दुकानात. शर्ट कोणता घालायचा इथपासून ते भावाला विचारायचे. स्वतःचं दुकान काढायचं होतं, पण भावासमोर उभं राहिलं की भलतंच काहीतरी बोलून परत यायचे. अकराव्या भेटीला ते आले तेच हसत. बोललो म्हणाले. दादानं हातातली काच पुसून ठेवली, मग म्हणाला, काचा घासायचं जुनं यंत्र घेऊन जा. नव्या दुकानाची जागाही ठरली होती.

बाराव्या भेटीत मी पेन उघडून विचारलं, आज कशासाठी? ते म्हणाले, “खरं सांगू का बाई, आज काहीच नाही. सहज आलो.” मग माझ्याकडे बघत राहिले. “तुमच्या चष्म्याची दांडी सैल झालीय. द्या इकडे.” खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी दांडी घट्ट केली, काचा पुसल्या, चष्मा परत दिला. म्हणाले, “आवाज बसलाय तुमचा. जेवलात का दुपारी?”

जेवले नव्हते. कुणी विचारल्याला किती दिवस झाले होते, तेही आठवेना.

पान कोरं ठेवायला हवं होतं. मी त्यावर लिहिलं, ‘नव्या दुकानात कामाचा प्राधान्यक्रम कसा ठरवावा?’ आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. माणूस भला, विचारलं की उत्तर देतो. तेराव्या भेटीला मी दुसरा प्रश्न लिहिला. चौदाव्याला तिसरा. मंगळवारसाठी मी आदल्या दिवशीच साडी काढून ठेवायला लागले.

एकतिसावी भेट झाली, त्या आठवड्यात एका परिचारिकेचा फोन आला. तिसऱ्यांदा. तिच्या हातून औषधात चूक होता होता राहिली होती, आणि परत वॉर्डात जायचं की नोकरी सोडायची हे महिनाअखेर ठरवायचं होतं. पाळ्यांमुळे तिला मंगळवारची दुपारच तेवढी मोकळी. मी तिसऱ्यांदा म्हणाले, जागा नाही.

इतके महिने मी मागे ठेवलेली मंगळवारची वही महिन्याच्या शेवटी मास्तरांनी मागून घेऊन चाळली. एका पानावर बोट ठेवून विचारलं, हा प्रश्न कुणी आणला? मी म्हणाले, त्यांनीच. मास्तर हसले. दुकानदार माणूस ‘प्राधान्यक्रम’ म्हणाला होय, असं म्हणून त्यांनी पुढची पानं उलटली. मी खाली बघत राहिले. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण त्यांनी वही मिटली.

“मलाही एक शुक्रवार होता,” ते म्हणाले. “एक बाई यायच्या. जाताना दार हळू लावायच्या, एवढंच. दोन वर्षं चालवला मी तो शुक्रवार. त्या बाई अजून मला विचारल्याशिवाय डॉक्टरही बदलत नाहीत. मीच पांगळं केलं त्यांना.”

घरी येईपर्यंत ते वाक्य पायात घोटाळत राहिलं. चष्मेवाल्यांना काय सांगायचं, ते मंगळवारपर्यंत मी मनाशी शंभर वेळा बोलून पाहिलं. दर वेळी शेवटी जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू यायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

चार वाजता चष्मेवाले आले. खुर्चीत बसता बसता सांगू लागले. त्यांच्या मुलीला नव्या दुकानात मदतनीस म्हणून एक बाई ठेवायची होती. बाई हुशार, कामाची, पण तिला लगेच उत्तर हवं होतं. “पोरगी चिडली माझ्यावर,” ते कौतुकानं म्हणाले. “मी म्हटलं, मंगळवारपर्यंत थांब. कोचिंगच्या बाईंना विचारतो, मग सांगतो.”

मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पाटीवर गणित घालायची वाट बघणाऱ्या मुलासारखे माझ्याकडे पाहू लागले.

“हं. आज कुठला प्रश्न घ्यायचा?”

खाली छापखान्यातलं यंत्र थांबलं होतं. वहीचं पान माझ्यापुढे उघडं होतं. हात सवयीनं वरच्या ओळीवर गेला, आणि खरंच, एक चांगला प्रश्न तयारही होता. मी पेनाला टोपण लावलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा धूसर झाला, तेव्हा कुठे मला बोलता आलं.

“आज प्रश्न नाही,” मी म्हणाले. “बाराव्या भेटीपासूनच नव्हता. सगळे मीच रचत होते. तुमचं काम अकराव्या भेटीतच झालं होतं. त्यानंतरचे सगळे मंगळवार तुमच्यासाठी नव्हते. मला एकटं वाटायचं, म्हणून मी तुम्हाला जाऊ दिलं नाही.”