ज्या दिवशी मी खोटा वाजलो

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. किती जुना, ते माझ्या अंगावरच्या पोच्यांवरून ओळखा. पंधरा किलो गोडेतेल पोटात घेऊन मी पेणच्या बाजारात आलो. तेल संपल्यावर एका गणपतीच्या कारखान्यात माझ्यात शाडू माती भिजवू लागले. पुढे तोंडाचा पत्रा फाटला आणि मला रस्त्यावर टाकून दिले. खारकोंडी गावच्या मोरूने मला उचलले, उलटा धरून काठीने एकदा वाजवले आणि म्हणाला, "ह्याचा आवाज पार खाडीपातूर जाईल." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

खारकोंडीच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पनवेल-रोह्याचे रूळ. मध्ये भातशेती आणि मिठागरे. खाडीचे पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला आहे. अमावास्येला, पौर्णिमेला उधाण येते आणि भरती भर दुपारी बांधाला भिडते. कधी बांध फुटतो. त्याला इथे खांड जाणे म्हणतात. खांड गेली की मला बडवायचे, आणि माझा आवाज कानी पडला की हातातला घास टाकून प्रत्येकाने फावडे-घमेले घेऊन धावायचे, असा गावचा रिवाज आहे. दुसऱ्या कशालाही मला हात लावायचा नाही. लग्नाला नाही, शिमग्याला नाही. कोणी खोटा वाजवला तर त्याने वर्षभर दर रविवारी बांधावर माती ओढायची. चाळीस वर्षांत ती शिक्षा कोणाला झाली नव्हती. खरे सांगतो, मला त्याचा फार ताठा होता.

मोरू गेला, त्याचा मुलगा गुणाजी बांधाचा राखणदार झाला. तोवर घरोघरी फोन आले होते. समाजमंदिराच्या पडवीत मी खुंटीला लटकत राहिलो. पोरे मला चेंडू मारून नेम धरत. माझ्यावर धूळ बसली, पण मी कुरकुर केली नाही. डबा वाजत नाही म्हणजे बांध शाबूत आहे, एवढे मला कळत होते.

आता नम्रताचे सांगतो. ही दत्तात्रेय पाटलांची मुलगी रोह्याच्या एका कंपनीत कामाला जाते. रोह्याची गाडी आमच्या समोरून धडधडत जाते, पण थांबत नाही. म्हणून नम्रता पहाटे हमरस्त्यापर्यंत चालत जाते आणि मिळेल त्या वाहनाला हात करते. पूर्वी गावातल्या चार मुली जात. दोघींना असा प्रवास नको म्हणून घरच्यांनी घरीच बसवले. तिसरीच्या, म्हणजे दिशाच्या, लग्नाचे बघत होते. उरली नम्रता. गावाला थांबा मिळाला नाही तर तिचीही नोकरी त्या वर्षापुरतीच होती, कारण तिच्या वडिलांनी तसे बजावले होते.

अशात या मार्गावर प्रवासी गाड्या वाढवायचा आणि नवे थांबे द्यायचा आराखडा निघाला. तो करणारे पथक गावोगाव फिरून लोकांचे मत घेणार होते. ज्या गावात निदान पन्नास माणसे मत नोंदवणार नाहीत, त्या गावाचा थांबा यादीतून गळणार होता. आमच्या गावाला निरोप आला तोही आदल्या संध्याकाळी, फोनवर, वीस पानांच्या पत्रात. दिवस दिला चैत्र अमावास्येचा, वेळ साडेअकरा ते साडेबारा. म्हणजे ऐन उधाणाची. त्या वेळी अख्खे गाव मिठागरात पाणी घ्यायला आणि बांधावर नजर ठेवायला गेलेले असते. फोन घरी, कारण मिठागरात नेलेला फोन महिनाभरही टिकत नाही. वीस पाने नम्रताशिवाय कोणी वाचली असतील, तर त्याला मी ओळखत नाही.

पथक वेळेवर आले. दोन साहेब, एक बाई आणि गाडीत चालक. भिंतीवर नकाशा लावला. नम्रताने त्या दिवशी रजा टाकली होती. बारा वाजेपर्यंत सात माणसे जमली, त्यातली दोन ऐकू न येणारी. नम्रताने गल्लीगल्लीत फिरून पाहिले, सगळी दारे ओढलेली. सव्वाबारा झाले. धाकटे साहेब घड्याळ बघून म्हणाले की पुढे कोलाडला पोचायचे आहे, गावाला रस दिसत नाही. ते ऐकून माझा पत्रा तापला. ज्या गावाने खाडी अडवून धरली, त्याला रस नाही म्हणे!

नम्रताने माझ्याकडे पाहिले आणि मला धडकी भरली. गुणाजीनेही ते पाहिले; पडवीतून बांध दिसतो, म्हणून उधाणात तो माझ्याजवळच बसलेला असे.

"हात नको लावू गो त्याला," तो म्हणाला.

"काका, आज हे गेले तर परत कोण इचारायला येनार?"

"आन् उद्या खांड गेली, तर कोन धावनार?"

तिने मला खुंटीवरून काढले, अंगणात नेले आणि बडवले. मित्रांनो, डब्याला नाही म्हणता येत नाही. काठी पडली की तो वाजतोच.

आधी ओरडा ऐकू आला, मग पावले. गुडघाभर चिखलाची माणसे फावडी उगारून समाजमंदिराकडे धावत सुटली. बांधावर नजर ठेवणारा पोपट पुढे, त्याच्यामागे समाजमंदिराशेजारी राहणारी अनिता, पोपटाची म्हातारी आई गिरजाबाईसुद्धा घमेले घेऊन. "खांड कुठं? खांड कुठं?" पथकाला वाटले, जमाव आपल्यावरच चालून आला. चालकाने गाडी चालू केली, साहेबाने नकाशा ओरबाडून काढला, बाईंनी लॅपटॉप छातीशी धरला. गाडी सुटली असती तर सगळेच संपले होते.

नम्रता गाडी आणि माणसे यांच्या मध्ये उभी राहिली.

"खांड नाय गेली," ती म्हणाली. "मी खोटा वाजवला. थांब्यासाठी."

पोपट संतापाने पुढे आला. भर उधाणात तो बांध सोडून आला होता. गुणाजीने त्याला हाताने अडवले. शिक्षेचे संध्याकाळी बघू, तो म्हणाला, चौघे बांधावर परत जा, बाकीचे आलाच आहात तर बोला.

फावडी भिंतीला टेकली तेव्हा कुठे नकाशा पुन्हा उलगडला. गिरजाबाईने चिखलाचे बोट त्यावर ठेवून विचारले, थांबा नक्की कुठे? बाईंनी दाखवले. रुळांच्या खाडीकडच्या बाजूला.

"हितं?" गिरजाबाई म्हणाली. "हितं पावसाळ्यात कमरेएवढं पानी हाय. डोंगराच्या अंगाला घ्या, बाय."

बाईंनी ते लिहून घेतले आणि स्वतः जागेवर जाऊन पाहिले. त्र्याहत्तर नावे नोंदली गेली. संध्याकाळी नम्रताला शिक्षा झाली. तिने ती निमूट घेतली आणि त्या रविवारपासून माती ओढू लागली. आषाढात यादी आली. खारकोंडीचा थांबा तिच्यात होता, डोंगराच्या अंगाला. गावाने पेढे वाटले. मला मात्र काही गोड लागले नाही.

श्रावण अमावास्येला रविवार होता; पावसाळ्यात मिठागरे बंद, म्हणून गाव घरी होते. दुपारी खांड गेली. गुणाजीने मला घेतले आणि जीव खाऊन बडवले. मी कधी वाजलो नव्हतो असा वाजलो. पण कोणी येईना. शेजारच्या ओट्यावरून अनिताचा आवाज मी स्वतः ऐकला, "परत मीटिंग असंल."

नम्रता त्या वेळी बांधावर शिक्षेची माती ओढत होती. समोर पाणी आत घुसताना तिने पाहिले आणि डबा वाजूनही कोणी येत नाही हे कळताच ती चिखलाने भरलेली गावभर पळाली. "खरी हाय, खरी हाय," एवढेच ओरडत होती. मग माणसे धावली. पण अर्धा तास गेला होता. संध्याकाळपर्यंत खांड बुजली. तोवर तिच्या वडिलांचे शेत खाऱ्या पाण्याखाली गेले होते. खारे पाणी बसलेल्या जमिनीत दोन-तीन पावसाळे भात होत नाही. दत्तात्रेय फावडे घेऊन खारे पाणी बाहेर काढत राहिले.

नम्रता गुणाजीकडे येऊन म्हणाली, शिक्षा वाढवा.

"तुझी शिक्षा चालू हाय," तो म्हणाला. "आता ज्यांनी उधानाला सभा लावली, त्यांना भरतीचं वेळापत्रक पाठव."

तिने पाठवले. सोबत खांडीची सगळी हकिगत लिहिली, स्वतःच्या चुकीसकट. पुढच्या सभेचा कागद पंधरा दिवस आधी आला, एकच पान, मोठ्या अक्षरात. दिवस अष्टमीचा होता, त्या दिवशी भरती कमी असते. त्या सभेला मला कोणी हात लावला नाही, आणि तरी बसायला जागा उरली नाही.

मित्रांनो, मी आता गंजलो आहे. मला रंग लावा, सावलीत टांगा, असे मी म्हणणार नाही. एवढेच मागतो की माणसांना विचारायचे असेल तर ती मोकळी असतील तेव्हा आणि त्यांना समजेल अशा रीतीने विचारा. नाहीतर कोणीतरी नाइलाजाने माझ्यासारख्याला खोटे बोलायला लावते. मी वाजलो की पूर्वी लोक धावत सुटायचे. आता ते आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग धावतात. ते बघणे बंद व्हायला किती उधाणे जातील, मला ठाऊक नाही.