पोटातली बाधा आणि पडद्यावरची वर्तुळं

फुंकरबाबांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पार जिन्यापर्यंत बायका, प्रत्येकीच्या कडेवर एक रडकं मूल. बाबांनी पोटावर फुंकर मारली की बाळ गप्प होतं, अशी ख्याती. औषध नाही, तपासणी नाही आणि डिग्री तर नाहीच. एवढ्या थोर माणसाला डिग्रीची काय गरज!

अजून रांगूही न लागलेल्या लेकाला छातीशी धरून ती बसली होती. सकाळपासून पोर मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं, ओकायचं आणि मग मलूल पडायचं. सासूबाईंनीच तिला इथं ओढून आणलं होतं.

नंबर आला तेव्हा पोर किंचाळतच होतं. बाबांनी डोळे मिटले, हात चोळले आणि बाधा किती जुनी, नजर कुणाची, यावर ऐसपैस बोलले. त्यांना घाई कधीच नसे. अखेर फुंकर मारली. पोर गप्प झालं. बायकांनी हात जोडले. तेवढ्यात दुपट्यावर लाल, चिकट शी दिसली. बाबा प्रसन्न हसले. बाधा बाहेर पडतेय म्हणाले. रक्तसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाहीत ते.

तिला मात्र ते रक्त बघवेना. ती जिना उतरली आणि तडक हॉस्पिटलात गेली. मागून बडबडत सासूबाईही आल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून पाहिलं आणि सोनोग्राफीचं मशीन खाटेशीच ओढून घेतलं. पोर शांत होतं. बाबांनी बरं केलंय, आता उगीच छळू नका, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. पडद्यावर वर्तुळात वर्तुळ उमटलं, कांदा आडवा कापल्यासारखं.

"आतड्याचा एक भाग पुढच्या भागात घुसलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतडं आवळतं तेव्हा कळ येते. सैल पडलं की कळ थांबते."

पोर पुन्हा किंचाळलं. सासूबाई फुंकर मारायला वाकल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानं अडवलं. सगळे नुसते बघत राहिले. थोड्या वेळानं पोर आपोआप गप्प झालं.

"आत्ता फुंकर कुणी मारली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूबाई खाटेपासून मागे सरल्या. बाबांची सगळी सिद्धी म्हणजे कळ ओसरेपर्यंत बोलत राहणं, हे तिच्या लख्ख ध्यानात आलं. आणखी उशीर झाला असता तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते सडलं असतं, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

सर्जनना तयारीत ठेवून डॉक्टरीणबाईंनी शीच्या वाटेनं नळी घातली आणि घुसलेलं आतडं दाबानं मागे ढकलायला सलाइन हळूहळू सोडलं. पडद्यावरची वर्तुळं मागे सरकली, पुसट झाली, नाहीशी झाली. आतडं पुन्हा घुसत नाही ना, हे बघायला पोराला तिथंच ठेवून घेतलं.

घरी सोडल्यावर ती आधी बाबांच्या जिन्यात गेली. सासूबाईही बरोबर होत्या. रांग तशीच होती.

"फुंकर तर आईलाही मारता येते," ती बायकांना म्हणाली. "पण मूल राहून राहून किंचाळत असेल, ओकत असेल, शीत रक्त दिसलं असेल, तर इथं बसू नका. गप्प झालेलं मूल बरं झालेलं असतंच असं नाही. आत काय चाललंय ते डॉक्टरांकडून बघून घ्या."

दोघी उठल्या. तिसरी घुटमळत होती. तिला सासूबाईंनी दंडाला धरून खाली आणलं.