सूयाकच्या जोडणीनं कापलेली थप्पड

मित्रांनो, मी एक जुनी जोडणी आहे. जोडणी म्हणजे तुटलेली फिल्म जोडायचं यंत्र. तळहाताहून थोडी मोठी लोखंडी पाटी, फिल्मची भोकं नीट बसावीत म्हणून तिच्यावर बारीक खिळे, एक पातं, एक खरवडणी आणि वरून दाबायचं झाकण, एवढाच माझा संसार. दिसायला मी छोटी, पण वजनाला भारी. आयुष्यात मी दोनदा माणसांवर पडले. पहिल्या वेळची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या वेळची नाही.

माझा जन्मच मारहाणीत झाला. आधी भट्टीत तापवलं, मग घणाखाली ठोकलं, मग पात्याला धार यावी म्हणून ठिणग्या उडेस्तोवर घासलं. भुशाच्या खोक्यात घालून मला जहाजावर चढवलं, आणि एक्कावन्न साली पोर्ट लुईच्या धक्क्यावर खोक्यासकट आपटलं. तिथून बसच्या टपावरून मी मॉरिशसच्या दक्षिण टोकाला, सूयाकला आले. समुद्राजवळच्या एका पत्र्याच्या सिनेमागृहात लोखंडी जिना चढून वर गेलं की एक कोंदट कॅबिन होती. तेच माझं सासर.

कॅबिनचा धनी होता तुलसीराम. मशीन चालवायचा परवाना साऱ्या परिसरात त्याच्या एकट्याकडे. माणूस कामाला वाईट नव्हता, पण हाताचा फार जलद. फिल्म तुटली की खालचे लोक शिट्ट्या मारत आणि लिमोनाडच्या बाटल्या फेकत. मालक राधाकृष्ण खालून तुलसीरामला शिव्या देई. आणि तुलसीराम तो सगळा राग कॅबिनमधल्या एकटीवर उतरवी. ती हिरा. रिकाम्या चकरीवर फिल्म उलटी गुंडाळायला ठेवलेली पंचविशीची पोरगी. आईबापांनी जन्मभर ऊस तोडला. हिनं कोयता घ्यायला साफ नकार दिला आणि इथं आली.

चोपन्न सालच्या एका रविवारी दुपारच्या खेळात फिल्म तीनदा तुटली. तिसऱ्यांदा तुलसीरामनं मला उचललं आणि हिराच्या दिशेनं भिरकावलं. मी तिच्या उजव्या भुवईवर आदळले. हाड वाजलेलं मी स्वतः ऐकलं.

हिरा खाली बसली. रक्त डोळ्यात उतरत होतं. तिनं पदर घेतला आणि आधी मला पुसलं, पातं, खिळे, झाकणाची खाच, सगळं. मग कपाळ.

"रक्तानं गंज चढतो," ती मला म्हणाली.

नंतर तिनं तुटलेली दोन टोकं खिळ्यांवर बसवली, पातं खाली आणलं, फिल्मवरचा मसाला खरवडला, उग्र वासाचं सोल्युशन लावलं, झाकण दाबलं आणि वीसपर्यंत मोजलं. तीन वर्षं नुसतं बघून शिकलेली.

"घ्या, तुलसीरामकाका. तुमचं यंत्र शाबूत आहे."

त्या दिवसापासून फिल्म जोडायचं काम हिराकडे आलं. तुलसीरामला मेहनत वाचल्याचं सुख, आणि हिराला मी.

सोमवारी खेळ नसे. त्या दिवशी हिरा मला आणि फाटक्या रिळांना वाकवाच्या पानांच्या पिशवीत घालून गावच्या बैठकीत नेई. बैठक म्हणजे एक खोलीची शाळा. संध्याकाळी तिथं मुलं मराठी गिरवत, सकाळी मात्र ती आमची. हळूहळू तिथं सिनेमाचं काम करणाऱ्या सगळ्याच बायका जमू लागल्या. तिकिटाच्या खिडकीवरची जमुना. फिल्मचे डबे बसपर्यंत डोक्यावर नेणारी कुसुमावती. आणि महिन्यातून एकदा मोकाहून येणारी विद्यावती. ती गावोगाव आरोग्याची चित्रं दाखवणाऱ्या गाडीवर काम करी आणि मशीनचं पुस्तक वाचू शके.

तिथं दोन रिवाज पडले. पहिला असा, की एकीनं जोड लावला की दुसरीनं तो दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढायचा. सुटला तर टोमणे फुकट.

"जमुनाबाय, हा जोड आहे की तुझ्या दिराचं लग्न? सकाळी जुळलं, दुपारी तुटलं," कुसुमावती म्हणायची.

दुसरा रिवाज, मालकाकडे एकटीनं जायचं नाही. जमुनाला खिडकीवर बसायला स्टूल हवं होतं. पाचजणी गेल्या.

राधाकृष्ण म्हणाला, "एका स्टुलासाठी पाच बायका?"

"स्टूल जड असतं, मिस्ये," कुसुमावती म्हणाली.

स्टूल मिळालं. मग हिरानं मनातलं बोलून दाखवलं. तिला परवाना हवा होता. मशीन स्वतःच्या नावानं चालवायचं होतं. म्हणजे मग कुणी तिला कॅबिनमधून हाकलू शकणार नव्हतं, आणि कुणी तिच्यावर काही भिरकावूही शकणार नव्हतं.

"बाईला देतात का पण?" जमुनानं विचारलं.

विद्यावती म्हणाली, "मी नियम दोनदा वाचला. वय पाहिजे, नजर पाहिजे, आग विझवता आली पाहिजे. मिशा पाहिजेत असं कुठं लिहिलेलं नाही."

अट एकच होती. तपासनीसासमोर एक आख्खा खेळ चालवून दाखवायचा, न थांबता, आणि फिल्म पूर्ण, सडली-फाटली असेल तेवढीच वगळून. विद्यावतीनं पुस्तक उलगडून शिकवलं, हिरानं घोकलं, राधाकृष्णनं कुरकुरत अर्जावर सही केली. तारीख ठरायच्या आतच साठ सालचं कॅरोल वादळ आलं.

मित्रांनो, वादळ मी पाहिलं आहे. आधी पत्रे थरथरले, मग एकेक खिळा बंदुकीच्या गोळीसारखा उडाला, मग सगळं छप्पर उठून उसावर जाऊन पडलं. एका पत्र्यानं शेजारची गाय मधोमध कापली. ऊस झोपला, घरं झोपली. समोरच्या घरातलं म्हातारं जोडपं भिंतीखालीच राहिलं. मी कॅबिनमध्ये दोन दिवस पाण्यात पडून होते. माझ्या बाजूला एका हिंदी चित्रपटाची रिळं तरंगत होती.

तीच फिल्म नव्या छपराखाली पहिली दाखवायची ठरली, आणि तोच हिराच्या परीक्षेचा खेळ. बायकांनी नऊ दिवस बैठकीत फिल्म धुतली, दोरीवर वाळवली, सडलेलं कापलं, उरलेलं जोडलं. आठवं रीळ जमुनाच्या वाट्याला आलं.

त्या रिळात नायक नायिकेला थप्पड मारतो. पहिल्या बाकांवरच्या लोकांची ती लाडकी जागा. थप्पड बसली की छप्पर जाईल अशा शिट्ट्या. जमुनाचा डावा कान नवऱ्याच्या अशाच एका थपडेनं कायमचा गेला होता.

तिनं फिल्म माझ्या खिळ्यांवर बसवली तेव्हाच मला कळलं. फिल्म कोरडी होती, धडधाकट होती. पण मी पातं. खाली आणलं की कापते. नाही म्हणायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. वीतभर तुकडा सुटला. हात उगारलेला राहिला, आणि पुढच्याच चौकटीत ती बाई जमिनीवर. जमुनानं तुकडा बिस्किटाच्या डब्यात ठेवला. हिरानं जोड ओढून पाहिला. सुटला नाही.

"आता शिकलीस गं," ती म्हणाली.

पण एक गोष्ट जमुना विसरली. फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो, जवळजवळ हातभर पुढं असतो. तिनं थप्पड कापली. थपडेचा आवाज फिल्मवरच राहिला.

रविवारी दुपारी दोनला खेळ लागला. मागच्या रांगेत तपासनीस वही घेऊन बसला. पहिल्या बाकावर तुलसीराम, त्याचे दोस्त आणि रमची बाटली. हिराला परवाना मिळाला तर आपले निम्मे खेळ जाणार हे त्याला माहीत होतं. सात रिळं लोण्यासारखी गेली. आठव्यात नायकानं हात उगारला, चित्र टुणकन उडालं, बाई जमिनीवर पडलेली दिसली, आणि मग कानाखाली वाजल्याचा आवाज आला. फटाक.

तुलसीराम उठून ओरडला, "कापली. बायकांनी कापली."

पहिली बाटली पडद्यावर फुटली. दुसरी कॅबिनच्या काचेवर. काच हिराच्या गालात घुसली, तरी तिनं मशीनवरचा हात काढला नाही. चालती फिल्म दिव्यासमोर थांबली तर पेटते. खाली बाकं उखडली जात होती. दहा-बाराजण जिन्याकडे धावले. जिन्यावर बायका बसल्या होत्या, एका पायरीवर एक. कुणीतरी बाकाची फळी घातली. कुसुमावतीचं मनगट ओल्या फांदीसारखं मोडलं. ती पायरीवरून उठली नाही. ओरडली मात्र अशी, की दोघे आपोआप मागे सरले.

तुलसीराम तिच्यावर पाय देऊन वर आला. टेबलावर मी होते. त्यानं मला उचललं. हिरानं पाहिलं, पण ती वळू शकत नव्हती. मागून जमुना आली आणि तिनं त्याच्या मनगटात दात रुतवले, रक्त येईस्तोवर. त्याच्या हातून मी सुटले ती थेट त्याच्या अनवाणी पायावर पडले. दोन बोटं गेली. मी तिथंच पडून राहिले, माझ्या सगळ्या वजनानिशी.

खेळ शेवटपर्यंत चालला. दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये मोडकी बाकं होती, रक्त होतं आणि तपासनीस होता. तो खुर्चीखालून बाहेर आला, त्यानं कपडे झटकले.

"मशीन थांबलं नाही. आग लागली नाही," तो म्हणाला. "पण फिल्म अपुरी आहे. पा कपाव, मादाम. असं चालत नाही. तीन आठवड्यांनी हीच फिल्म पुन्हा दाखवा. पूर्ण."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. हिराच्या गालाला टाके, कुसुमावतीचा हात गळ्यात. हिरानं जमुनापुढं मला ठेवलं.

"सडलं होतं का ते?"

"नाही."

"मला सांगायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. इतकी वर्षं मी एका परवान्यासाठी..."

आणि हिराचा हात वर गेला. मित्रांनो, मी तो हात ओळखते. त्यानं पहिल्यांदा मला रक्तातून उचललं होतं. तो हात जमुनाच्या कानाजवळ हवेत थांबला. जमुना हलली नाही, तिनं फक्त सवयीनं डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे हिरा बघत राहिली. मग तिनं हात हळूच खाली आणून माझ्यावर ठेवला.

जमुना म्हणाली, "तिकिटाची खिडकी लावली तरी ती थप्पड ऐकू येते गं. ह्या एका कानानंसुद्धा. आणि त्यावर ते हसतात."

"ठाऊक आहे," हिरा म्हणाली. "पण आपण जोडणाऱ्या. फाटलं तेवढंच कापायचं. आपण आवडीनिवडीनं कापायला लागलो, तर उद्या आपल्या हातात फिल्म कोण देईल? आण तो डबा."

तुकडा जमुनानंच लावला. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत नीट जोड होता. कुसुमावतीनं एका हातानं ओढला आणि टोमणा न मारता परत दिला.

तीन आठवड्यांनी पुन्हा रविवार, पुन्हा दुपार. हॉल गच्च. भांडण होणार म्हणूनच निम्मे लोक आलेले. ह्या वेळी बायका जिन्यावर बसल्या नाहीत. त्या हॉलच्या शेवटच्या रांगेत, गावातल्या इतर बायकांमध्ये जाऊन बसल्या. आमच्या कॅबिनची खिडकी बुटकी होती. शेवटच्या रांगेत कुणी उभं राहिलं की डोक्याची सावली थेट पडद्यावर पडे, आणि त्यावरून रोज वाद होत.

आठवं रीळ लागलं. मी खिडकीजवळच्या टेबलावर होते. नायकानं हात उगारला. आणि माझ्यासमोर, प्रकाशाच्या झोतात, जमुना उठून उभी राहिली.

मग मोडक्या हाताची कुसुमावती. मग विद्यावती. मग त्यांच्या शेजारची, तिच्या शेजारची, जिला सोमवारचं काही माहीत नव्हतं तीही. पडद्यावर नायक दिसेना, नायिका दिसेना. अंबाडे, पदर आणि खांदे, छपरापर्यंत उंच. त्या काळ्या डोंगरामागून कुठून तरी आवाज आला. फटाक.

कुणी शिट्टी मारली नाही. पुढच्या बाकावरच्या एकानं बाटली उचलून मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत त्याची आई उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती. त्यानं बाटली बाकाखाली ठेवली.

दोन-तीन क्षण असतील. बायका बसल्या, चित्र पुढं चाललं. हिरानं मशीनवरून हात काढला नाही, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. खेळ संपल्यावर तपासनीसानं आठवं रीळ मागितलं. जोड बोटांनी चाचपला, चौकटी मोजल्या, वहीत लिहिलं, "फिल्म पूर्ण." आणि खाली सही केली.

त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. देशाला नवा झेंडा मिळाला, आणि फिल्म जोडायला चिकटपट्टीची नवी हलकी यंत्रं आली. मी हिराच्या घरी खिडकीत असते. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आहेत, काही पाण्याचे, काही इतर. परवाना मिळालेल्या हिराच्या हाताखाली चार मुली तयार झाल्या. त्या माझ्यावर कधी पाकीट ठेवतात, कधी चहाचा कप.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं पातं असेल तर त्याला महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा आणि मुलांच्या हाती देताना ते जड आहे हे सांगा. आम्हा वस्तूंना नाही म्हणता येत नाही. उचलणाऱ्याच्या हातात जे असेल तेच आमच्याकडून घडतं. म्हणून आम्हाला जपाल तेव्हा तेवढा तो हातही जपा.