मेंढराच्या अंगातलं हिरवं

दैवशालाबाईंनी पांढऱ्या रंगात बुडवलेला ब्रश भिंतीकडे नेला, तोच मुख्याध्यापक बन्सीधर सर धावत आले.

“बाई, हात लावू नका! फोटो वर पाठवलाय. आता भिंत अन् फोटो जुळला न्हाई तर जाब मला द्यावा लागंल.”

चारठाण्याजवळच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात योगीराज पेंटरने परवाच चित्र काढलं होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘प्राणीपेशी’. खाली मात्र जाडजूड पेशीभित्तिका आणि ठसठशीत हिरवी हरितलवकं, म्हणजे जे झाडाझुडपांत असतं आणि प्राण्यांत नसतं ते सगळं. पुस्तकातलं शेजारचं चित्र त्याने उचललं होतं. योगीराजचा काय दोष? तो आठवी नापास. पण बी.एस्सी. झालेल्या सरांनी ते पाहिलं, फोटो काढला आणि धाडूनही दिला! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, पोरं येता-जाता हेच वाचायलेत.”

“उद्या तपासणीचे साहेब येऊन जाऊ द्या. मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे कधीच नाही, हे बारा वर्षांच्या नोकरीत बाईंना पाठ झालं होतं.

सातवीच्या वर्गात निकिता उभी राहिली. तिच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की आईबाप कळप घेऊन बाहेर पडायचे, ती आजीपाशी राहायची.

“बाई, त्या हिरव्यानं झाडं उन्हात सोताचं जेवण करतेत, असं तुमीच शिकवलं. मेंढराच्या अंगात बी ते आसतं, तर माझे मायबाप चाऱ्यापायी रानोमाळ कशाला हिंडले आसते?”

वर्ग खो-खो हसला.

“तुझं खरंय,” बाई म्हणाल्या. मग पाठ फिरवून फळा पुसू लागल्या. “पण उद्या साहेबांनी विचारलं, तर भिंतीवरचं सांग.”

फळा कोराच होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नेमकं निकितालाच व्हरांड्यातल्या चित्रापाशी बोलावलं. तिने चित्रावर छडी ठेवत ठेवत घडाघडा सांगितलं.

“ही प्राणीपेशी. ही तिची पेशीभित्तिका. ही हरितलवकं.”

“शाब्बास!” साहेबांनी टाळी वाजवली. बन्सीधर सरांनी तोही फोटो घेतला. चहा झाला, गाडी गेली. निकिता छडी घेऊन तिथंच उभी होती.

“बाई, परीक्षेत काय लिहू? भिंतीवरचं का खरं?”

पोरीच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि तेच बाईंना सोसवेना. कालपासून सरांच्या नावाने बोटं मोडत होत्या. पण पोरीकडून खोटं वदवून घेतलं होतं ते बाईंनी स्वतःच.

परसबागेच्या कोपऱ्यात खुरपं पडलं होतं. ते त्यांनी उचललं.

“बाई! अहो, फोटो!” सर ओरडले.

“काढा की आता,” म्हणत दैवशालाबाईंनी पदर खोचला आणि हिरव्यावर खुरपं चालवलं.