वैद्याची जागा

खुंटी वाकली तशी वहिनींनी ती उपटून काढली, सपाट दगडावर ठेवून ठोकून सरळ केली आणि वीतभर बाजूला पुन्हा मारली. या वेळी ती आत गेली. त्यांनी दोरीला टिचकी मारून ताण बघितला आणि तंबूच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळल्या. कोणाची मदत त्यांनी मागितली नव्हती.

खाली ओढ्यावर डॉक्टर आणि मास्तर पाणी भरत होते. डॉक्टर दातांचा होता. अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. मास्तर शाळेत गणित शिकवायचा आणि शाळेबाहेर सहसा काही शिकवायला जात नसे.

“मी सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाला. “आणि तूही तोंड उघडू नकोस.”

“विचारलं तर?”

“विचारलं तर हो म्हणायचं. इतकी वर्षं म्हणतोच आहोत. गेलेल्या माणसाची शोभा करायची का आता?”

मास्तरने बाटलीचं झाकण लावलं. पाण्यावर पिवळी पानं वाहत येत होती आणि बाटलीच्या तोंडाशी अडकत होती. ती बोटाने बाजूला करावी लागत होती.

पानगळीच्या दिवसांत दर वर्षी ते इथे येत. दोघे नव्हे, तिघे. तिसऱ्याचं औषधांचं दुकान होतं, म्हणून कॉलेजपासूनचे हे मित्र त्याला वैद्य म्हणत. गाडीरस्ता संपला की सॅक पाठीवर घेऊन दिवसभर चालायचं, तळ्याकाठी तंबू ठोकायचे आणि रोज एखाद्या वाटेने डोंगर हिंडून मुक्कामी परतायचं. त्यातला एक दिवस माथ्याचा. माथ्याला जायला एकच वाट होती, डोंगराच्या सोंडेवरून. मध्ये एका ठिकाणी ती इतकी अरुंद होई, की दोन्ही बाजूंना नुसती हवा उरे.

पहिल्या वर्षी वैद्य त्या जागेपर्यंत आला होता. तिथे त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो खाली बसला. त्याला बसल्या बसल्या मागे सरकवत, पाय कुठे ठेवायचा ते सांगत, दोघांनी खाली आणलं होतं. त्यानंतर माथ्याच्या दिवशी तो तळ्याकाठीच थांबे. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. मग एकदा वैद्याच्या घरी जेवताना त्याच्या बायकोने, वहिनींनी, सहज विचारलं, वरून काय दिसतं हो? आणि वैद्य सांगू लागला. तळं, पलीकडची दरी, कड्यावर घिरट्या घालणारे पक्षी. त्याने इतकं रंगवून सांगितलं की डॉक्टरने मान डोलावली. मास्तरनेही डोलावली. तेव्हापासून ते तसंच चालत आलं होतं.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी वैद्य दुकानात गल्ल्यामागे उभा असताना कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पानं पिवळी पडायला लागली तसा वहिनींचा डॉक्टरला फोन आला. त्या म्हणाल्या, “यंदा मी येते तुमच्याबरोबर. मला तो डोंगर बघायचाय.”

डॉक्टरचे डोळे भरून आले होते, असं त्याने मास्तरला नंतर सांगितलं.

सकाळी ते निघाले तेव्हा गवत दवाने ओलं होतं. वहिनी तरणतलावावर मुलींना पोहायला शिकवत. त्यांचा दम दोघांपेक्षा चांगला होता, हे पहिल्या चढावरच कळलं. डॉक्टर दर वळणावर थांबून देखावा दाखवायचं निमित्त करी. वहिनी थांबत, देखावा बघत आणि त्याचा श्वास खाली बसला की पुन्हा चालू लागत.

“तुम्ही आधी का नाही आलात कधी?” डॉक्टरने विचारलं.

“कुणी बोलावलंच नाही.”

“वैद्याने नाही?”

“तो म्हणायचा, पुरुषांची सहल आहे. तुझी गैरसोय होईल.”

डॉक्टर हसला. वहिनी हसल्या नाहीत. वाट झाडीतून बाहेर पडली आणि सोंडेवर आली. वारा गार होता. खाली जंगलावर तांबडे आणि पिवळे डाग पडले होते, मध्येच हिरवा.

अरुंद जागा आली तेव्हा डॉक्टर नेहमीसारखा बसून, हात टेकत पलीकडे गेला. वहिनी सरळ उभ्याने निघाल्या आणि मधोमध थांबल्या. त्यांनी आधी डावीकडे खाली बघितलं, मग उजवीकडे. मागे उभ्या असलेल्या मास्तरला वाटलं, आता यांचे पाय लटपटतील. तसं काही झालं नाही.

“हा इथून जायचा?”

“जायचा की,” डॉक्टर पलीकडून ओरडला. “आमच्या आधी जायचा.”

वहिनींनी मागे वळून मास्तरकडे बघितलं. मास्तरने बुटाची नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

माथ्यावर सपाट कातळ होता. तिघांनी पाठीवरचं ओझं उतरवलं, पाणी प्यायलं. वहिनी थोडा वेळ चारी दिशांना फिरून आल्या. तळं खाली पसाभर दिसत होतं.

“तो कुठं बसायचा?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरने इकडेतिकडे बघितलं आणि कड्याच्या कडेला असलेल्या एका दगडाकडे बोट केलं.

“तिथं. दुसरीकडे कुठं बसायचाच नाही. जेवण झालं की तिथं जाऊन बसायचा, खाली पाय सोडून. आम्ही म्हणायचो, अरे मागं ये, तर आम्हालाच हसायचा.”

“पाय सोडून?”

“असे हलवत.” डॉक्टरने हवेत दोन बोटं हलवून दाखवली. “नाही रे?”

मास्तर पाव कापत होता. त्याने सुरी थांबवली. “हो,” तो म्हणाला.

वहिनी दगडापर्यंत गेल्या. त्यांनी तो हाताने चाचपला, पण त्यावर बसल्या नाहीत. परत येऊन त्यांनी सॅकचे पट्टे आवळले. मास्तरने पुढे केलेला पाव त्यांनी घेतला आणि न खाता खिशात ठेवला.

उतरताना त्या पुढे होत्या. त्यांच्या आणि या दोघांच्या मध्ये अंतर वाढत गेलं. झाडीत शिरल्यावर त्या दिसेनाशाच झाल्या, नुसता पानांवरचा पावलांचा आवाज येत राहिला.

“भरून आलं असेल,” डॉक्टर हळूच म्हणाला. “बरं झालं आणलं ते. त्यांना आता डोळ्यांसमोर आणायला काहीतरी आहे.”

“पाय सोडून कशाला म्हणालास?”

“ओघात आलं.”

तळ्याकाठी पोचल्यावर डॉक्टरने गुडघ्यांना मलम चोळलं आणि तंबूत आडवा झाला. ऊन अजून होतं, पण त्यात काही दम नव्हता. मास्तर पातेलं घासायला ओढ्यावर गेला. मागून पावलं वाजली. वहिनी येऊन शेजारच्या दगडावर बसल्या.

“भावजी, एक विचारते. तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारते.”

“विचारा.”

“ती कोण आहे?”

मास्तरला कळलं नाही. “कोण ती?”

“दर वर्षी या दिवसांत हा जिच्याकडे जायचा ती.”

मास्तरच्या हातातलं पातेलं पाण्यात निसटलं. ते वाहून जायच्या आत वहिनींनीच वाकून धरलं आणि काठावर पालथं ठेवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. मुलींना पाण्यात उतरायला सांगताना त्या असंच बोलत असतील, असं मास्तरला उगाचच वाटून गेलं.

“माळ्यावरचा डबा काढायला तो स्टुलावर चढत नव्हता. मी चढायचे, तो खालून स्टूल धरायचा. पादचारी पुलावर माझा दंड घट्ट धरून मधोमध चालायचा. आणि तुम्ही मला सांगता, तो या डोंगरावर कड्याला पाय सोडून बसायचा.” त्या थांबल्या. “तुमच्या फोटोंत तो कधी नसायचा. म्हणायचा, फोटो मीच काढतो ना. घरी यायचा तेव्हा बुटांना चिखलसुद्धा नसायचा. तो होता तेव्हा मी विचारलं नाही. धीर झाला नाही म्हणा. म्हटलं, एकदा जाऊन बघू. तुम्ही दोघं खरं काय ते सांगाल. तर तुम्ही दोघांनी मिळून मला दगड दाखवलात.”

“वहिनी, तसं काही नव्हतं.”

“मग कसं होतं?”

मास्तरने ओले हात पँटला पुसले आणि सांगितलं. त्याला नीट सांगता आलं नाही. पहिल्या वर्षीचं सोंडेवरचं सांगताना तो मध्येच वैद्याची बाजू घेऊन बोलू लागला, वारा फार होता, वाट ओली होती. मग ते सोडून त्याने एवढंच सांगितलं, की वैद्य दर वर्षी इथे येत होता आणि माथ्याच्या दिवशी इथेच खाली थांबत होता. बूट तो या ओढ्यावर धुवायचा आणि परतताना गाडीरस्ता लागला की पुन्हा पुसायचा. त्याला दिवसभर दुसरं काम नसायचं. ओळीने या दोघांचेही जादा जोड धुऊन ठेवायचा.

“आणि वरचं सगळं मला जे सांगायचा ते?”

“आम्ही आलो की खोदून खोदून विचारायचा. वारा कुठून होता, काय काय दिसलं, पक्षी होते का. आम्हाला वाटायचं, वाईट वाटत असेल म्हणून विचारतो.”

वहिनींनी ऐकून घेतलं. पाण्यात एक पान गोल फिरत होतं, त्याकडे त्या बघत होत्या.

“हेही डॉक्टरांशी ठरवून सांगताय?”

“नाही.”

“सकाळी विचारलं असतं, तरी नाहीच म्हणाला असतात.”

पुरावा म्हणून दाखवायला मास्तरजवळ काहीच नव्हतं. त्याने पालथ्या पातेल्याच्या बुडावरून हात फिरवला. शेवटी तो म्हणाला, “आम्हाला उशीर झाला की चिडायचा.”

“कोण?”

“वैद्य. अंधार पडायच्या आत आलो नाही तर बोलायचाच नाही. काय झालं, का झालं, काही नाही. नुसती भांडी आपटायचा.”

वहिनींनी मान वर केली.

“आपटायचा?”

“झाकणं, पळी, हाताला येईल ते. एकदा पातेल्याला पोचा आला, तर डॉक्टर म्हणाला, अरे, नवीन आहे ते. तेव्हा आणखी एकदा आपटलं.”

“आणि मग? आधी कोण बोलायचं?”

“तोच. वाढताना.”

“काय म्हणायचा?”

मास्तर ओशाळला. “म्हणायचा, घ्या, गिळा.”

वहिनींच्या तोंडून एकदम हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात धरला, तरी ते थांबेना. खांदे हलत राहिले. मास्तरने आधी हसायचा प्रयत्न केला, मग त्याला कळलं की आता हसू उरलेलं नाही. तो उठला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बाटल्या भरू लागला. आधीच भरलेल्या होत्या, त्या त्याने ओतून पुन्हा भरल्या.

तो परत आला तेव्हा वहिनींनी तोंड धुतलं होतं.

“घरीही असाच आपटायचा,” त्या म्हणाल्या. “कुठं बसायचा? खरं सांगा.”

मास्तरने त्यांना तंबूंच्या मागे नेलं. तिथे एका जुन्या झाडाची मुळं जमिनीवर आली होती आणि दोन मुळांमध्ये माणूस टेकून बसेल एवढी जागा होती. तिथून तळ्याचा एक कोपरा दिसत होता, माथ्याकडून खाली उतरणारी वाट दिसत होती. बाकी काही नाही.

“डोंगर इथून दिसत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“नाही. वाट दिसते. आम्ही येताना त्याला दिसायचो.”

वहिनी खाली बसल्या. पाठ टेकली, पाय लांब केले, पुन्हा जवळ घेतले. मग खिशातला पाव काढून त्या खाऊ लागल्या. मास्तर थोडा वेळ उभा राहिला आणि स्टोव्ह पेटवायला निघून गेला.

ऊन जायच्या सुमाराला डॉक्टर लंगडत बाहेर आला. सूप उकळत होतं. तिघं स्टोव्हभोवती बसले. वहिनींनी अंगावर वैद्याचं जाड जाकीट घातलं होतं, त्याच्या बाह्या त्यांनी दुमडून घेतल्या होत्या. डॉक्टरला राहवलं नाही.

“वहिनी, आज हवा चांगली मिळाली आपल्याला. एका वर्षी वर असा वारा सुटला की आम्ही दोघं कातळाला चिकटून पालथे. आणि आमचा वैद्य? तो मध्ये उभा. टोपी उडाली त्याची. तर टोपीच्या मागे—”

त्याने मास्तरकडे बघितलं. मास्तर त्याच्याकडे अशा काही नजरेने बघत होता, की डॉक्टरचं वाक्य तिथेच राहिलं. त्याने मास्तरवरून नजर काढून वहिनींकडे बघितलं, मग हातातल्या चमच्याकडे.

“म्हणजे,” तो म्हणाला, “तसं विशेष काही नाही.”

वहिनींनी आपली वाटी मास्तरपुढे धरली. मास्तरने सूप वाढलं. त्यांनी वाटी मांडीवर ठेवून तिच्यावर फुंकर घातली.

“सांगा ना, भावजी,” त्या डॉक्टरला म्हणाल्या. “टोपी उडाली. मग?”